हाडांची पुंजी

घर मजबूत असावे, असे प्रत्येकाला वाटते. त्यासाठी आपण भिंती आणि छप्पर पाहतो. पण शरीराला उभे ठेवणाऱ्या हाडांकडे आपले लक्ष जात नाही. हाड मोडले म्हणजेच त्याची आठवण होते. हाडे ठिसूळ होण्याचा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक प्रमाणात होतो. तो म्हातारपणी दिसतो, पण त्याला रोखण्याची तयारी मात्र शाळेच्या वयातच करावी लागते. ती कशी करावी, हे या पाठात सांगितले आहे. हा पाठ मुलींनी वाचावाच. मुलांनीही लक्ष देऊन वाचावा. कारण प्रत्येकाच्या घरात अम्मी, बहीण, दादी किंवा नानी असतेच.

मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. तान्ह्या बाळाच्या शरीरात ती तीनशेच्या आसपास असतात. मूल वाढते तशी काही हाडे एकमेकांशी जुळतात आणि त्यांची संख्या कमी होते. कवटी मेंदूला जपते. बरगड्या हृदयाला आणि फुप्फुसांना जपतात. पाठीचा कणा आपल्याला ताठ उभे ठेवतो. काही हाडांच्या आतील मगजात रक्तपेशी तयार होतात.

खाटकाच्या दुकानातील हाड पाहून आपल्याला वाटते की हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू आहे. परंतु जिवंत माणसाचे हाडही जिवंत असते. त्याला रक्त मिळते. त्याची वाढ होते. मोडले तर ते पुन्हा जुळते. हाडात दोन प्रकारच्या पेशी रात्रंदिवस काम करीत असतात. एका प्रकारच्या पेशी जुने हाड थोडे थोडे काढून टाकतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागी नवे हाड बांधतात. जुन्या घराची एक एक वीट काढून गवंड्याने तेथे नवी वीट बसवावी, तसे हे काम चालते. अशा रीतीने सुमारे दहा वर्षांत आपला जवळजवळ सगळा सांगाडा नवा होतो.

तरुणपणी बांधण्याचे काम जास्त होते आणि काढण्याचे कमी. वय वाढल्यावर उलट होते. जेवढे हाड काढले जाते तेवढे पुन्हा बांधले जात नाही. मग हाड बाहेरून तसेच दिसते, पण आतून पोकळ होऊ लागते.

हाडाचा आतला भाग मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार असतो. मालेगाव आणि भिवंडी येथील मुलांना हे लवकर समजेल, कारण तेथे घरोघरी मागाचा आवाज ऐकू येतो. दाट विणलेले कापड टिकाऊ असते. तेच कापड वापरून वापरून विरले की त्यातून उजेड दिसू लागतो आणि जरा ओढले तरी ते फाटते. हाडांचेही तसेच आहे. जाळी दाट असते तोपर्यंत हाड मजबूत असते. जाळी विरळ झाली, तिची छिद्रे मोठी झाली, की थोड्याशा धक्क्यानेही हाड मोडते. या आजाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मराठीत त्याला आपण हाडांचा ठिसूळपणा म्हणू.

हाडांना मजबुती देणाऱ्या पदार्थांत कॅल्शिअम महत्त्वाचे आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शिअम असते. त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत असते. उरलेले एक टक्का रक्तात आणि इतर भागांत असते. हे एक टक्का दिसायला थोडे असले तरी त्याचे काम फार मोठे आहे. हृदयाचे ठोके पडणे, स्नायू आखडणे व सैल होणे, जखमेतून वाहणारे रक्त गोठणे, या सर्वांसाठी ते लागते. म्हणून रक्तातील कॅल्शिअम ठरावीक प्रमाणात राहिलेच पाहिजे.

जेवणातून कॅल्शिअम मिळाले नाही तर काय होते? शरीर ते हाडांतून काढून घेते. हाडे ही जणू आपली बँक आहे. बँकेत शिल्लक असेल तर अडचणीच्या वेळी पैसे काढता येतात. पण रोज काढतच राहिलो आणि भरले काहीच नाही, तर खाते रिकामे होते. या बँकेतून पैसे काढले जात असताना कसलीही चिठ्ठी येत नाही. ताप येत नाही, दुखत नाही. म्हणूनच या आजाराला मुका आजार म्हणतात.

या बँकेत पैसे भरण्याचे दिवस कोणते? विद्यार्थ्यांनो, ते दिवस म्हणजे तुमचे आजचे दिवस. मुलींच्या हाडांची सुमारे ९० टक्के पुंजी १८ व्या वर्षापर्यंत जमा झालेली असते. त्यानंतर काही वर्षे थोडी भर पडते. तिशीनंतर भर पडणे थांबते. पुढे जी शिल्लक आहे ती सांभाळायची असते. पन्नाशीत दूध पिणे चांगलेच आहे, पण चौदाव्या वर्षी न प्यालेल्या दुधाची भरपाई त्याने पूर्ण होत नाही.

आता प्रश्न असा की, हा आजार स्त्रियांनाच अधिक का होतो? पहिले कारण, पुरुषांच्या मानाने स्त्रियांची हाडे लहान आणि बारीक असतात. त्यांची पुंजी मुळातच कमी असते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक असते. ते हाडांचे रक्षण करते, हाड काढून टाकणाऱ्या पेशींना आवर घालते. साधारणपणे ४५ ते ५० वर्षांच्या दरम्यान स्त्रीची मासिक पाळी बंद होते. तेव्हा इस्ट्रोजेन फार कमी होते आणि हा पहारेकरीच जागेवर राहत नाही. पाळी बंद झाल्यानंतरच्या पाच ते सात वर्षांत काही स्त्रियांच्या हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होते.

ही गोष्ट प्रथम ज्यांनी स्पष्टपणे मांडली त्यांत अमेरिकेतील बोस्टन शहराचे डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांचे नाव घेतले जाते. त्यांच्याकडे पाठीचे मणके खचलेले रुग्ण येत. त्यांतील बहुतेक रुग्ण पाळी बंद झालेल्या स्त्रिया आहेत, असे त्यांच्या लक्षात आले. १९४० च्या सुमारास त्यांनी या दोन गोष्टींचा संबंध जगापुढे ठेवला. त्यापूर्वी कमरेत वाकणे, उंची कमी होणे, कुबड येणे ही म्हातारपणाची नेहमीची लक्षणे समजली जात.

आजही आपल्या घरांत तसेच समजले जाते. पुढील संवाद पाहा. मालेगावातील एक नानी पावसाळ्यात मोरीत पाय घसरून पडल्या. पडताना त्यांनी हात पुढे टेकला आणि मनगट मोडले. त्यांची नववीत शिकणारी नात त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी हाताला प्लास्टर घातले.

डॉक्टर : आजी, तुम्ही किती उंचावरून पडलात?

नानी : उंचावरून कुठे? उभी होते, तिथेच घसरले. वय झाले की असे व्हायचेच, डॉक्टरबाई.

डॉक्टर : नाही आजी. नुसते वय झाले म्हणून हाड मोडत नाही. उभ्या जागी पडून मनगट मोडले, तर हाडे ठिसूळ झाली असावीत अशी शंका घ्यावी लागते. तुमची उंची कमी झाली आहे का?

नानी : ते मला कसे कळणार?

नात : डॉक्टरबाई, नानींच्या सलवारी आता जमिनीला लागतात. मागच्या ईदला अम्मीने सगळ्या दुमडून शिवल्या.

डॉक्टर : शाबास! तू बरोबर पाहिलेस. सलवार वाढत नाही, बेटा. पाठीचे मणके हळूहळू खचतात आणि माणूस उंचीला कमी होतो. पुष्कळदा ते दुखतही नाही. आजी, तुमची पाळी कितव्या वर्षी बंद झाली?

नानी : चाळीसही पूर्ण नव्हते. पिशवी काढली होती.

डॉक्टर : म्हणजे तुमच्या हाडांचे रक्षण फार लवकर थांबले. आपण हाडांची तपासणी करू या. आजचे मोडलेले मनगट ही सूचना समजा. आता काळजी घेतली नाही, तर पुढच्या वेळी खुब्याचे हाड मोडू शकते.

नात : खुब्याचे हाड मोडले तर काय होते?

डॉक्टर : शस्त्रक्रिया करावी लागते. माणूस बरेच दिवस अंथरुणावर पडून राहतो. पुष्कळांना नंतर पहिल्यासारखे चालता येत नाही.

या संवादातील एकही गोष्ट क्षुल्लक नाही. या आजारात मुख्यतः तीन ठिकाणची हाडे मोडतात : मनगट, पाठीचे मणके आणि खुबा. जगात पन्नाशी ओलांडलेल्या दर तीन स्त्रियांपैकी एकीचे हाड पुढील आयुष्यात ठिसूळपणामुळे मोडते. पुरुषांत हे प्रमाण पाचांत एक आहे. खुब्याचे हाड मोडणे सर्वांत गंभीर असते. असे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांतला एक वर्षाच्या आत दगावतो. म्हणून हाडांचा प्रश्न हा केवळ दुखण्याचा प्रश्न नाही. तो जगण्याचाही प्रश्न आहे.

नानींनी सांगितलेली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले, तर पाळी तर बंद होतेच, पण इस्ट्रोजेनही एकाएकी कमी होते. बीजकोश ठेवले तरी ते पुष्कळदा लवकर काम थांबवतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न गाजला. त्यांतील हजारो स्त्रियांची गर्भाशये तरुण वयातच काढली गेली होती. राज्य शासनाला त्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागली. अशी शस्त्रक्रिया काही आजारांत आवश्यक असते. परंतु ती करण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि हाडांवर काय परिणाम होईल, हेही विचारावे.

हाडे ठिसूळ होण्याची इतरही कारणे आहेत. आईचे किंवा वडिलांचे खुब्याचे हाड मोडले असेल तर मुलांना धोका अधिक असतो. फार किरकोळ बांधा, सतत बसून राहणे, धूम्रपान, दारू यांमुळेही हाडे कमजोर होतात. दमा किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागल्या तर हाडांची झीज होते. अशा गोळ्या मनाने सुरू करू नयेत आणि मनाने बंदही करू नयेत. महाराष्ट्रात अनेक स्त्रिया दातांना मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती तोंडाला घातक आहे आणि तंबाखू हाडांनाही अपायकारक आहे.

नुसते कॅल्शिअम खाऊन भागत नाही. ते आतड्यातून रक्तात जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व अन्नातून फार थोडे मिळते. त्वचेवर ऊन पडले म्हणजे शरीर ते स्वतः तयार करते. ते कमी पडले तर लहान मुलांना मुडदूस होतो, त्यांचे पाय वाकतात. मोठ्या माणसांची हाडे मऊ होतात व दुखतात. हाडे मऊ होणे हा ठिसूळपणापेक्षा वेगळा आजार आहे, परंतु एकाच व्यक्तीला दोन्ही असू शकतात.

याविषयी काश्मीरमधील एक जुनी हकीकत आहे. कॅथलीन व्हॉन नावाच्या डॉक्टरबाई श्रीनगरला स्त्रियांच्या रुग्णालयात काम करीत होत्या. हाडे मऊ झाल्यामुळे बाळंतपणात अडलेल्या अनेक स्त्रिया त्यांच्याकडे येत. या स्त्रिया बहुतेक बंद घरांत राहणाऱ्या होत्या. उघड्यावर, उन्हात काम करणाऱ्या गरीब स्त्रियांत हा आजार क्वचित दिसे. खाण्यापिण्यापेक्षा उजेडाचा अभाव हे याचे कारण आहे, असे त्यांनी १९२८ मध्ये पुस्तक लिहून मांडले. ड जीवनसत्त्वाला नाव मिळून तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती.

आज शहरांत सर्वच समाजांच्या स्त्रियांची ही अडचण आहे. कोणी दिवसभर कार्यालयात बसते, कोणी दाट वस्तीतील अंधाऱ्या खोलीत राहते, कोणी बाहेर पडताना पूर्ण अंग झाकते. यात कोणाचा दोष नाही. उपाय मात्र करायला हवा. घराची गच्ची, अंगण किंवा आडोशाचा सज्जा येथे चेहरा, हात आणि पाय यांवर थोडा वेळ ऊन घ्यावे. काचेतून आलेले ऊन उपयोगी पडत नाही. अगदी सकाळचे कोवळे ऊन सुखद असते, पण त्यातून ड जीवनसत्त्व फारसे मिळत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, ती वेळ योग्य समजावी. हिवाळ्यात वीस-तीस मिनिटे बसावे. एप्रिल-मे महिन्यांत मात्र थोडी मिनिटे पुरेत. त्वचा भाजेपर्यंत उन्हात बसू नये. ज्यांना हे जमत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून औषध घ्यावे.

आता आहाराकडे वळू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शिअम हवे. १६ ते १८ वर्षे वयात १०५० मिलिग्रॅम हवे. बाळाला पाजणाऱ्या आईला आणि पाळी बंद झालेल्या स्त्रीला १२०० मिलिग्रॅम लागते. एवढे कॅल्शिअम महागड्या डब्यांतूनच मिळते, असे नाही. एका दिवसाचा हिशेब करून पाहा :

एक पेला दूध – सुमारे २४० मिलिग्रॅम
एक वाटी दही – सुमारे १८० मिलिग्रॅम
नाचणीची एक मोठी भाकरी – सुमारे २०० मिलिग्रॅम
मेथीची एक वाढणी भाजी – सुमारे २७० मिलिग्रॅम
एक मोठा चमचा तीळ घातलेली चटणी – सुमारे १२० मिलिग्रॅम

बेरीज केली तर १०१० मिलिग्रॅम होते. शेवग्याचा पाला आणि राजगिऱ्याची पालेभाजी यांतही भरपूर कॅल्शिअम असते. कोकणातील लोकांना सुकट आणि काट्यांसकट खाल्ले जाणारे लहान मासे यांतून ते मिळते. पालकात कॅल्शिअम असते, पण त्यातील एका द्रव्यामुळे ते शरीराला नीट घेता येत नाही.

पायांच्या रश्श्याविषयी आपल्याकडे मोठा समज आहे. हाड मोडलेल्या माणसाला पाये खाऊ घातले म्हणजे हाड लवकर जुळते, असे वडीलधारी माणसे सांगतात. पाये चवीला चांगले असतात, परंतु हाडांतील कॅल्शिअम रश्श्यात फार थोडे उतरते. दुधाच्या एका पेल्याची बरोबरी तो रस्सा करू शकत नाही. रमजानच्या महिन्यात पाणी आणि जेवण यांच्या वेळा बदलतात, तेव्हा सहरीला दूध किंवा दही घेण्याची सवय ठेवावी. लोणची, पापड आणि खारे पदार्थ बेताने खावेत, कारण जास्त मिठामुळे लघवीतून कॅल्शिअम बाहेर जाते. हाडे बांधायला प्रथिनेही लागतात. म्हणून डाळी, अंडी, मासे किंवा मांस यांचाही जेवणात समावेश असावा.

बाळंतपणात आणि बाळाला पाजताना आईच्या हाडांतील काही कॅल्शिअम खर्च होते. बाळाचे दूध सुटल्यावर ते बहुतेक भरून निघते. यासाठी सरकारी आरोग्य केंद्रात गरोदर व स्तनदा मातांना कॅल्शिअमच्या गोळ्या मोफत देतात. त्या लोहाच्या गोळ्यांबरोबर एकाच वेळी घेऊ नयेत. दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे.

हाडांना अन्नाइतकीच कामाची गरज असते. ज्या हाडावर भार पडतो ते मजबूत होते. टेनिस खेळाडूच्या खेळणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हाताच्या हाडापेक्षा जाड असते. उलट अंतराळात वजन जाणवत नाही, म्हणून तेथे राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडांची घनता महिन्याला एक टक्का किंवा त्याहूनही अधिक घटते. त्यांना तेथे रोज व्यायाम करावा लागतो. दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो, धावणे, जिने चढणे हे मुलींच्या हाडांसाठी उत्तम व्यायाम आहेत. खेळाच्या तासाला मुली वर्गात बसून राहतात, तेव्हा त्यांच्या हाडांचेही नुकसान होते. मोठ्या स्त्रियांनी रोज अर्धा तास भराभर चालावे. ज्यांचे मणके खचले आहेत त्यांनी मात्र पुढे वाकून वजन उचलू नये. नमाज कशी पढावी, हेही डॉक्टरांना विचारून ठरवावे. आजारी माणसाला बसून नमाज पढण्याची सवलत आहेच.

हाडांची घनता मोजण्यासाठी डेक्सा नावाची तपासणी असते. तिच्यात क्ष-किरणांचा फार थोडा वापर होतो आणि ती दुखत नाही. निरोगी तरुण स्त्रीच्या हाडांशी तुलना करून आकडा काढतात. तो उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर हाडे ठिसूळ समजतात. ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवली. आजार आढळला तर हाडांची झीज थांबवणारी औषधे मिळतात. त्यांतील एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नये. नाहीतर अन्ननलिकेला इजा होते.

हाडे ठिसूळ झाली तरी पडणे टाळता येते. यासाठी खर्च फारसा नाही. मोरीतील शेवाळ घासून काढावे. तेथे धरायला एक दांडी बसवावी. रात्री उठण्याच्या वाटेवर दिवा असावा. सैल चपला आणि गुंडाळलेली चटई पायांत येऊ देऊ नये. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर वेळेवर शस्त्रक्रिया करून घ्यावी. घरातील मुलांनी ही कामे अंगावर घेतली, तर नानीचे खुब्याचे हाड वाचू शकते.

शेवटी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अनेक घरांत अर्धा लिटर दूध येते. त्यातून आधी सर्वांचा चहा होतो. उरलेले दूध मुलाच्या पेल्यात जाते, कारण त्याला ताकद हवी असे म्हणतात. मुलीला चहा मिळतो आणि अम्मीच्या वाट्याला भांड्याच्या तळाशी राहील ते. कोणी हे मुद्दाम करीत नाही. पण चाळीस वर्षांनी त्याचा हिशेब त्या मुलीच्या मनगटावर आणि खुब्यावर निघतो. भावांनो, आपल्या पेल्यातील अर्धे दूध बहिणीला देणे ही मेहेरबानी नाही, तो तिचा हक्क आहे. मुलींनो, ‘मला नको’ म्हणून तो सोडून देऊ नका. आपल्या अम्मीलाही सर्वांबरोबर जेवायला बसवा. दरवर्षी २० ऑक्टोबर हा दिवस जगभर ऑस्टिओपोरोसिस दिन म्हणून पाळतात. परंतु हाडांसाठी वर्षाचा एक दिवस पुरत नाही. त्यांच्या खात्यात रोज थोडे थोडे भरावे लागते.

शब्दार्थ

पुंजी – साठवलेले धन, सरमाया
ठिसूळ – सहज मोडणारे
मगज – हाडाच्या आतील मऊ भाग, गूदा
पेशी – शरीराचा अतिशय लहान घटक
विरणे – कापड झिजून पातळ होणे
घनता – दाटपणा
संप्रेरक – शरीरातील ग्रंथींतून रक्तात मिसळणारे द्रव्य
खुबा – मांडी आणि कंबर यांचा सांधा, कूल्हा
क्षुल्लक – किरकोळ, मामुली
मुडदूस – लहान मुलांची हाडे वाकण्याचा आजार
आडोसा – इतरांना न दिसणारी जागा, आड
दगावणे – मृत्यू पावणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोठ्या माणसाच्या शरीरात किती हाडे असतात?
(आ) हाडांच्या ठिसूळपणाला मुका आजार का म्हणतात?
(इ) ड जीवनसत्त्व शरीरात कशामुळे तयार होते?
(ई) या आजारात मुख्यतः कोणत्या तीन ठिकाणची हाडे मोडतात?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) हाडांना बँकेची उपमा का दिली आहे?
(आ) हा आजार स्त्रियांना अधिक प्रमाणात का होतो?
(इ) नानींची उंची कमी झाली, हे नातीने कशावरून ओळखले?
(ई) डॉक्टर कॅथलीन व्हॉन यांनी काश्मीरमध्ये काय पाहिले?

३. रिकाम्या जागा भरा.
(अ) शरीरातील ______ टक्के कॅल्शिअम हाडांत आणि दातांत असते.
(आ) मिश्री म्हणजे भाजलेली ______.
(इ) ______ आलेले ऊन उपयोगी पडत नाही.

४. कारणे द्या.
(अ) अंतराळवीरांना रोज व्यायाम करावा लागतो.
(आ) पायांचा रस्सा दुधाची बरोबरी करू शकत नाही.

५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
दाट, मजबूत, जिवंत, आखूड, रिकामे

६. पुढील शब्दांचे अनेकवचन लिहा.
हाड, पेशी, मणका, भाकरी, गोळी

७. ‘सलवार वाढत नाही, बेटा.’ हे वाक्य कोण कोणास म्हणाले? का म्हणाले?

उपक्रम

(१) आपण आणि आपली अम्मी काल दिवसभर काय जेवलो ते लिहा. पाठातील आकड्यांच्या आधारे दोघींच्या किंवा दोघांच्या कॅल्शिअमचा अंदाज काढा आणि वर्गात चर्चा करा.
(२) आपल्या घरात पडण्याची भीती असलेल्या जागा शोधा. त्यांची यादी करा आणि घरच्यांच्या मदतीने त्या दुरुस्त करा.